कुंडीतला पिंपळ

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. बुडीत क्षेत्रातले गाव उठते तेव्हा भांडीकुंडी, गुरेढोरे, देव्हाऱ्यातले टाक, शेंदूर फासलेला दगडही नव्या गावठाणात नेता येतो. पाराचा पिंपळ मात्र तिथेच राहतो. त्याचे पावित्र्यही पाण्याखाली गेले म्हणायचे का? नव्या घराच्या ओसरीत कुणी पिंपळाची फांदी कुंडीत लावली, तर तिला शोभेचे झाड म्हणायचे की तोच पिंपळ?

मला वाटते, तोच. धरणाजवळच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला आणि तिथल्या शिल्पांत बोधिवृक्षाची, म्हणजे पिंपळाचीच, पूजा कोरलेली आहे. ज्या झाडाची ही पूजा, ते एका जागी अखंड उभे राहिलेले नाही. बोधगयेचे जुने झाड १८७६ साली पडले, आजचे १८८१ मध्ये लावले गेले. त्याआधी कितीतरी शतके भिक्षुणी संघमित्रेने त्याची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली, आणि महावंस हा तिथला जुना ग्रंथ सांगतो की ती सोन्याच्या भांड्यात रुजवून नेली. म्हणजे कुंडीतूनच! पुढे अनुराधपूरच्या त्या झाडाची रोपे नागपूरच्या दीक्षाभूमीवर आली. पावित्र्य मातीला चिकटून राहिले असते, तर हा प्रवास घडलाच नसता. ते एका हातातून दुसऱ्या हातात सांभाळले जात आले.

यावर खरा आक्षेप असा की, कुंडीतले झाड खुजे राहते. त्याच्याखाली पंचायत बसत नाही, पाखरे येत नाहीत. फळात शिरून परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशीही दिवाणखान्यात पोचत नाही. हे मान्यच करावे लागते. पार सगळ्या गावाला सावली देतो, कुंडी तसे काही देत नाही, उलट मागते. तिला खिडकीजवळचा उजेड हवा, तळाला भोक हवे, वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी हवे. घरोघरी दिसणारा पिंपळाचा भाऊबंद फायकस बेंजामिना तर जागा बदलली तरी पाने गाळतो, कारण जुन्या उजेडात वाढलेली पाने नव्या उजेडाला पुरी पडत नाहीत. अशा वेळी घाबरून पाणी वाढवले की मुळे कुजतात. त्याला एका जागी राहू द्यावे; हळूहळू नवी पालवी फुटते. ज्याच्याकडून आजवर घेतले त्याचे असे रोज थोडे करणे, हीच मला पूजा वाटते.

झाडाची एवढी आसक्ती गीतेला मान्य नाही, असेही कुणी म्हणेल. पंधराव्या अध्यायात अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, असंगाच्या शस्त्राने तोडायला सांगितला आहे. पण तो अश्वत्थ संसाराचा आहे, आणि त्याच गीतेत दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण वृक्षांमध्ये स्वतःला अश्वत्थ म्हणवतो. असंग राहायचेच असेल, तर ते कुंडी सोडण्यात दिसावे. मुळे भोकातून बाहेर डोकावू लागली की पावसाळ्याच्या तोंडाशी, घराच्या भिंतीपासून लांब, गावठाणाच्या मोकळ्या जागेत खड्डा घ्यावा आणि त्याभोवती दगडांचा पार रचायला सगळ्यांना बोलवावे.