कोणाला बसवायचे?

माझ्या वह्यांना हात लावण्याचा अधिकार आमच्या घरात एकाच व्यक्तीला आहे, आणि दिवाळीच्या झाडलोटीत ती तो पुरेपूर बजावते. एकदा अशीच माझ्या कादंबरीची कच्ची वही उघडून सौभाग्यवती उंबऱ्यात उभी राहिली. शेवटच्या पानावर वीस-बावीस नावे होती. काहींवर काट, काहींपुढे प्रश्नचिन्ह.

"अहो, या खेपेला इतकी माणसं मारायची ठरवलीत?"

माझ्या पात्रांना मी इतक्या सहजी मारीत नाही. ती यादी पुणेरी पलटणची होती. कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे आणि लिलावात कोणाला उचलावे, याचा मी रात्री जागून केलेला हिशेब!

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्याला आम्ही लहानपणी हुतूतू म्हणत होतो, त्या खेळातल्या माणसांचे भाव वर्तमानपत्रात छापून येऊ लागले. २०२३ च्या लिलावात एकेका संघाला पाच कोटींची मर्यादा होती. मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. पण या पाच कोटींची विभागणी मला तोंडपाठ होती. घरच्या किराण्याची नव्हती.

खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचे दात पाहणारा शेतकरी मी पाहिला आहे. तो निर्दयपणे खोड काढतो, शेपटी पिळतो, चालवून बघतो. पण व्यवहार झाल्यावर कासरा त्याच्याच हातात येतो आणि त्या जनावराची वैरण त्याच्याच माथी. मी मात्र खाटेवर पडून माणसे विकतो, आणि सकाळी दाढी करून शाळेत जातो.

२०२१-२२ च्या हंगामात पुण्याकडे राहुल चौधरी होता. एके काळी या स्पर्धेचा चेहरा म्हणावा असा चढाईपटू. त्याच्या हाताचा स्पर्श टाळणे कठीण. त्याचे पाय मंदावले तसा मीच आधी ओरडलो, "बसवा त्याला!" त्याला बाहेर ठेवून अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरे पुढे आणली गेली. निर्णय योग्यच होता. आजही मी तसेच म्हणेन. फक्त तो शब्द तोंडातून निघताना मला काहीच वाटले नाही, हे आता आठवते.

आणि 'आपला' संघ म्हणजे तरी काय? सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळे. २०१५ च्या हंगामात चढाईच्या गुणांत तो सर्वांच्या पुढे होता. तो पुण्याच्या अंगणात शिरला की आमच्या ओसरीवर दोन तट पडत. सासुरवाडी सांगलीकडची असल्यामुळे मी बहुधा मुकाट्याने बसे.

पुढे हिशेबानेच आमची फजिती केली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाखांहून अधिक मोजले, आणि तो संघ बारांत बारावा आला. पुण्याने महंमदरझा शादलुईला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतले. हा इराणचा धिप्पाड गडी डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की समोरच्याची पावले आपोआप आखडत. हंगामातले पकडीचे सर्वाधिक गुण त्याचेच. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवले, तेव्हा मी शेजाऱ्यांना कंदी पेढे वाटले. त्या हिवाळ्यात तो इराणी माझ्या गल्लीतला होता. पण पुढच्या हंगामासाठी त्याला राखले नाही. तो दोन कोटी सात लाखांना हरियाणाकडे गेला.

माझ्या यादीतही मी त्याच्या नावावर काट मारली होती. एवढ्या पैशांत दोन गडी येतात, हे माझे गणित.

अशी काट मी एकदा खरोखरीच मारली आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या सामन्यांसाठी शाळेच्या संघातले बारा निवडायचे काम माझ्याकडे आले. एक मुलगा रोज सर्वांच्या आधी येई, मैदानावर पाणी मारी, फक्कीच्या रेषा आखी. खेळायलाही बरा होता. पण त्याच वर्षी दुसरीकडून एक थोराड मुलगा आमच्या शाळेत आला, आणि मी याला काढून त्याला घेतले. सांगायचा धीर झाला नाही म्हणून यादी फळ्यावर लावली आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो.

तो दारात आला. "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही रे," मी म्हणालो. ते खरे होते आणि म्हणूनच वाईट होते. चूक असती तर त्याने ती सुधारली असती. दुसरा त्याच्यापेक्षा वजनदार होता, एवढेच. त्यावर चौदा वर्षांच्या मुलाने काय करावे? आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. त्याला घेतले असते तर पहिलाच हरलो असतो, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे.

हाच मुलगा आता साताऱ्यात मोटारदुरुस्तीच्या दुकानात काम करतो. २९ डिसेंबर २०२४ ला, अंतिम सामन्याच्या रात्री, तो माझ्याकडे आला. त्याच्या खोलीवर दूरदर्शन संच नाही. सामना पुण्यातच होता, बालेवाडीला. पण पुणे त्यात नव्हते. हरियाणा आणि पाटणा. आमच्याच अंगणात शादलुई दुसऱ्याच्या रंगात उभा होता. कोणाच्या बाजूने ओरडावे ते मला कळेना. त्याने पहिली पकड केली तेव्हा माझ्या हातांनी टाळी वाजवली. मला विचारले नाही.

हरियाणा ३२-२३ असे जिंकले. पण मध्यंतरापूर्वी पाटण्याचा एक कोवळा गडी दोनदा रिकाम्या हाताने परतला, तेव्हा माझा तो विद्यार्थी खुर्चीवरून अर्धा उठला.

"सर, ह्याला बसवायला पाहिजे. काय उपयोग नाही ह्याचा."

मी त्याच्याकडे पाहिले. तो पडद्याकडेच पाहत होता. मी म्हणालो, "अजून एक चढाई बघू." तो बरे म्हणाला आणि खाली बसला.