मध्यस्थाचे मोल

अमेरिकेत हायस्कुलात शिकणारे मूल एखाद्या खेळात बऱ्यापैकी चमकू लागले, की त्याच्या घरी एका निराळ्या प्रकारचा दूरध्वनी येण्याचा संभव असतो. बोलणारा माणूस आर्जवी असतो. मुलाचे नाव, त्याचा खेळ, मैदानावरची त्याची जागा हे सारे त्याला ठाऊक असते. आपल्या मुलात महाविद्यालयीन संघातून खेळण्याची पात्रता आहे, मात्र ती योग्य प्रशिक्षकांच्या नजरेस पडायला हवी, आणि ते काम आम्ही करू, असे तो सांगतो. या कामाची फी काही शेकडा डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत असते. हप्त्यांची सोयही असते. मग घरात चार दिवस खल होतो. एवढे पैसे कशासाठी, असे एकाचे म्हणणे. आणि संधी हुकली तर, हा दुसऱ्याचा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नापुढे पहिला बहुधा टिकत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, भावंडे, भाचवंडे आज तिकडे स्थायिक आहेत. आणि इकडे मुंबई-पुण्यात टेनिस वा स्क्वॉश खेळणाऱ्या मुलांचे पालकही त्या दिशेने पाहू लागले आहेत. म्हणून हा प्रश्न अगदीच परक्या अंगणातला नाही. ही फी द्यावी का, हा वरवर पाहता हिशेबाचा प्रश्न आहे. आम्हांस मात्र तो हिशेबापाशी संपतो असे वाटत नाही.

आपल्याकडे खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत काही जागा राखीव असतात. पण महाविद्यालयाचा प्रशिक्षक गावोगाव फिरून खेळाडू हेरतो आणि त्याच्यासाठी प्रवेशाची व शुल्काची व्यवस्था करतो, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे. अमेरिकेत ती रीतसर व्यवस्था आहे. १९०६ साली स्थापन झालेली, पुढे 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' म्हणजेच एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था तिचे नियम ठरवते. १९७३ पासून महाविद्यालयांचे तीन विभाग पाडलेले आहेत. पहिल्या दोन विभागांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. तिसऱ्यात, जो खेळाडूंच्या संख्येने सर्वांत मोठा आहे, ती देताच येत नाही. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळाडू म्हणून कोणाला शिष्यवृत्ती देत नाहीत. सारी मदत घरच्या ऐपतीवर ठरते.

हायस्कुलांतून खेळणाऱ्या मुलांची संख्या तेथे ८० लाखांच्या घरात आहे. एन.सी.ए.ए.च्या महाविद्यालयांतून खेळणारे पाच लाखांहून थोडे अधिक. खेळाच्या शिष्यवृत्तीचा लाभ हायस्कुलातील १०० खेळाडूंपैकी सुमारे दोघांनाच होतो, असे ती संस्था स्वतःच सांगत आली आहे. त्या दोघांनाही संपूर्ण शुल्क मिळतेच असे नाही. कित्येक वर्षे पुरुषांच्या सॉकर संघाला पहिल्या विभागात ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या पंचवीस-तीस जणांत तुकडे करून वाटल्या जात. पालकांच्या मनातली 'फुल स्कॉलरशिप' ही पुष्कळदा अशी पावपाव वाटलेली असते.

आता ही सेवा करते काय? मुलाची माहिती व चित्रफीत आपल्या संकेतस्थळावर ठेवते, प्रशिक्षकांना ती पाठवते, पत्राचे मसुदे करून देते, कोणत्या वर्षी कोणते पाऊल टाकायचे ते सांगते. यातले जवळजवळ सारे फुकट करता येते. प्रशिक्षकाचा ई-मेलचा पत्ता महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. तेथेच इच्छुक खेळाडूंनी भरावयाचा अर्जही असतो. चित्रफीत भ्रमणध्वनीवर तयार होते. मग लोक पैसे का देतात? आमच्या मते याचे एक कारण मौनात आहे. पहिल्या विभागातील बऱ्याच खेळांत, दहावी इयत्ता संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाने मुलाच्या पत्राला उत्तर द्यायचे नाही, असा नियम आहे. मुलगी नववीत असताना वीस प्रशिक्षकांना पत्रे पाठवते. उत्तर एकाचेही येत नाही. नियम ठाऊक नसलेल्या आईबापांना हे मौन म्हणजे नकार वाटतो, आपल्या पत्रातच काही उणे राहिले असे वाटते. आणि नेमक्या त्या घडीला दूरध्वनीवरचा आर्जवी आवाज येतो. ज्या पोकळीची भीती वाटते ती नियमाने निर्माण केलेली आहे, आणि काळाने ती आपोआप भरणार आहे, हे एक वाक्य सांगितले असते तर कदाचित फी मिळाली नसती.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात ऱ्होड्स बेटावरच्या दुष्काळाचे उदाहरण आहे. अलेक्झांड्रियाहून एक सचोटीचा व्यापारी धान्य घेऊन बेटावर येतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिलेले असते. ही गोष्ट त्याने लोकांना सांगावी, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजेनीस म्हणतो, खोटे बोलू नये एवढीच कायद्याची अपेक्षा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, ज्ञात असलेले सारे ग्राहकाला सांगितले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला आणि थोडा सौम्य निवाडा दिला: येणारी गलबते हा भविष्याचा भाग आहे, तो न सांगणारा न्यायाचा भंग करीत नाही, सांगितले तर ती अधिक मोठी सद्गुणशीलता. परंतु विकल्या जाणाऱ्या वस्तूत दडलेला दोष असेल, तर तो सांगणे त्यांनी बंधनकारक मानले.

आमच्यापुढील प्रकरणात दडलेली बातमी कशाविषयी आहे? गलबतांविषयी नव्हे, ती ग्राहकाच्याच लेकराविषयी आहे. हा मुलगा पहिल्या विभागात खेळेल अशी त्याची गती नाही, ही मुलगी तिसऱ्या विभागातील चांगल्या महाविद्यालयात आनंदाने खेळेल पण तेथे शिष्यवृत्ती नसेल, हे अनुभवी मध्यस्थाला पाच मिनिटांची चित्रफीत पाहून बहुधा कळते. अशा घराला शिष्यवृत्तीच्या आशेवर विकलेली सेवा ही, आमच्या मते, दोष असलेली वस्तूच होय. सेवा वाईट नसेल, पण या ग्राहकाच्या उपयोगाची नाही. येथे दडवणे हे ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याच्या मौनाहून जड आहे. त्या बेटावरच्या माणसाने महाग घेतलेले धान्य निदान पोटात तरी गेले.

याला एक उत्तर सुचते: मग फी यशावर अवलंबून ठेवा; शिष्यवृत्ती मिळाली तरच पैसे. हे न्याय्य दिसते, आणि वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात ते आलेही असेल. पण एन.सी.ए.ए.च्या नियमांनी नेमके हेच निषिद्ध केले आहे. मध्यस्थाने खेळाडूची माहिती महाविद्यालयांना पुरवावी, त्याचे पैसे घ्यावेत. मात्र ती फी खेळाडूला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळवून देण्यावर आधारलेली असता कामा नये. तशी असेल तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. नियमामागचा हेतू उमगण्यासारखा आहे: टक्केवारी आली की सोळा वर्षांचे मूल गुरांच्या बाजारातल्या खोंडासारखे होते, आणि दलाल ते अधिक पैशाच्या दाराशी ओढून नेतो, मग तेथे त्याचे शिक्षण होवो न होवो. परंतु त्याच नियमाचा दुसरा परिणाम असा, की मध्यस्थाला निष्फळतेची झळ कधीच लागत नाही. सारा धोका घराने उचलायचा. मुलाला विक्रीपासून वाचवणारा नियम आईबापांना अशा विक्रेत्यासमोर उभे करतो, ज्याला 'नाही' म्हणण्यात केवळ तोटा आहे. हा पेच सुटेल असे कलम आम्हांस सुचत नाही. म्हणून तो मध्यस्थाच्या सदसद्विवेकावर येऊन पडतो. आणि हप्त्यावर चालणाऱ्या धंद्यात सदसद्विवेकाला पगार नसतो.

तरीही सल्ल्याचे पैसे घेणे मुळातच पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. वकिलाने सल्ल्याचा मोबदला घ्यावा काय, हाही प्रश्न संत थॉमस यांनी विचारला होता. घ्यावा, असे त्यांचे उत्तर. मात्र समोरच्याची ऐपत, कामाचे स्वरूप, पडलेले श्रम आणि देशातला रिवाज पाहून, माफक. हे माप घेऊन पाहिले तर काही घरांसाठी ही फी सार्थही ठरते. ज्यांच्या कुळात महाविद्यालयाची पायरी कोणी चढले नाही, ज्यांना इंग्रजी पत्र लिहिताना घाम फुटतो, ज्यांच्या शाळेत मार्गदर्शकाला शेकडो मुलांमधून वेळ नाही, त्यांना कोणी हात धरून सोळा आवश्यक विषय कोणते, नोंदणी केव्हा, हे समजावले तर त्याचे श्रम खरे आहेत. परदेशातून जाणाऱ्यांचेही तसेच. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाकडून महेश भूपतीने दुहेरीचे महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, व्हर्जिनियाच्या सोमदेव देववर्मनने २००७ व २००८ साली एकेरीचे, कॅन्सस स्टेटच्या तेजस्विन शंकरने २०१८ साली उंच उडीचे. ही दारे आपल्या मुलांना खुली आहेत, पण मुंबईतल्या पालकाला गुणपत्रिकेचे तिकडच्या मापात रूपांतर, हौशी खेळाडू म्हणून पात्रता, व्हिसा, हे सारे एकट्याने उमगणे कठीण. तेथेही एक सावधगिरी हवी. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुरुष स्क्वॉश संघाने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले, आणि त्या संघात भारतीय मुलेही होती. पण ते महाविद्यालय तिसऱ्या विभागातले, खेळासाठी तेथे शिष्यवृत्ती नाहीच. 'खेळावर अमेरिका' हे शब्द ऐकले की हा भेद कानाआड होतो.

खेदाची गोष्ट ही, की ज्यांना या मदतीची खरी गरज आहे त्यांनाच ती परवडत नाही, आणि ज्यांना परवडते ते ती स्वतः करू शकतात. परवडणाऱ्यांची मजल कोठवर जाते, हे २०१९ च्या मार्च महिन्यात जगाने पाहिले. कॅलिफोर्नियातला विल्यम सिंगर नावाचा सल्लागार धनिकांच्या मुलांना, ज्यांनी तो खेळ कधी खेळलेलाही नव्हता, खेळाडू म्हणून उभे करीत असे. खोटी छायाचित्रे, प्रशिक्षकांना लाच, आणि सारा पैसा धर्मादाय संस्थेच्या नावाने. २०२३ च्या जानेवारीत त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सामान्य भरती-सेवेला त्याच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. ती गुन्हा करीत नाही, त्यातले पुष्कळ लोक प्रामाणिक असतात. पण पैसे मोजले म्हणजे काहीतरी मिळायलाच हवे, ही पालकाच्या मनातली समजूत दोन्हीकडे एकाच जातीची आहे.

अलीकडे या बाजाराची जमीनही सरकली आहे. खेळाडूंना एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे २०२१ पासून सोपे झाले, २०२४ मध्ये त्यावरची उरलीसुरली बंधनेही सैल झाली. परिणामी प्रशिक्षक हायस्कुलातल्या कोवळ्या पोरापेक्षा दुसरीकडून आलेला वीस-एकवीस वर्षांचा तयार गडी पसंत करू लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादा गेल्या, पण संघातल्या डोक्यांची संख्या बांधली गेली: सॉकरला २८, बेसबॉलला ३४. विनाशिष्यवृत्ती का होईना, संघाच्या शेपटाला राहणाऱ्या मुलांची जागा तेथे आक्रसली. कोणत्याही मध्यस्थाचे पत्र ती रुंद करू शकत नाही.

हिशेबाची ही बाजू झाली. आम्हांस अधिक चिंता वाटते ती मुलाची. वडिलांनी तीन हजार डॉलर भरले, हे मुलाला कळतेच; घरात अशा गोष्टी लपत नाहीत. त्या दिवसापासून त्याचा खेळ हा परतफेडीचा व्यवहार होतो. सामना हरून परतलेल्या मुलाकडे पाहताना बापाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पूर्वी फक्त वाईट वाटणे होते. आता त्यात हप्त्याची तारीख मिसळलेली असते. सेवेच्या संकेतस्थळावर आज किती प्रशिक्षकांनी आपले पान उघडले याचा आकडा मूल रात्री झोपण्यापूर्वी पाहते. पान उघडणे म्हणजे पसंती नव्हे, हे सांगायला तेथे कोणी नसते. बापाची आशा ही प्रेमाचीच एक रीत आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ती पावतीवर लिहिली गेली, की मुलाला खेळ सोडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, आणि सतराव्या वर्षी खेळ सोडून दुसरे काही आवडू लागणे हा काही अपराध नव्हे.

म्हणून फी भरण्यापूर्वी दोन माणसांना विचारावे, असे आम्ही सुचवू. एक, मुलाच्या क्लबचा प्रशिक्षक. याने कोणत्या दर्जाच्या महाविद्यालयात खेळावे, असा सरळ प्रश्न त्याला टाकावा. खरे बोलण्यासाठी त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि खोटे बोलण्यासाठीही नाहीत. दुसरे, मूल स्वतः. आईबाप खोलीत नसताना मावशीने वा काकाने विचारलेले बरे. दोन्ही उत्तरे अनुकूल आली तर पहिले पत्र मुलानेच लिहावे. महाविद्यालयांचे प्रशिक्षक तसेच पत्र पसंत करतात. त्याला मोठा मसुदा लागत नाही: नाव, इयत्ता, परीक्षेतले गुण, मैदानावरची जागा, चित्रफितीचा दुवा, आणि येत्या सामन्याची तारीख, वेळ व मैदान.