टाकण्याचा विवेक

‘विवेक’ हा शब्द आपण सद्गुणाचे नाव म्हणून वापरतो. पण ‘विच्’ या धातूचा मूळ अर्थ वेगळे करणे एवढाच आहे. नीरक्षीरन्यायात हंसाचे कौतुक होते ते दुधासाठी. पाणी कोणत्या नियमाने टाकले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते नैतिक प्रश्न तेथेच सुरू होतो.

जपानमधील रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या चमूने 2003 मध्ये 113 व्या मूलद्रव्याचा शोध आरंभिला. बिस्मथच्या पातळ थरावर सेकंदाला दोन लक्ष कोटींहून अधिक जस्तकेंद्रके सोडली जात. नऊ वर्षांत ओळख पटली ती तीनच अणूंची: 2004, 2005 आणि 2012 मध्ये. झोत वाटेल तितका तीव्र करता येत नाही. थर वितळण्याचे भय असते, आणि नको असलेले कणही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून सारी मदार विलगकावर. हेलियम वायूने भरलेल्या चुंबकीय मार्गात नवे जड, संथ केंद्रक एका वाटेने वळते, झोताचे वेगवान कण दुसऱ्या वाटेने जातात. चाळणी सैल ठेवली, तर गर्दीत पाहुणा ओळखू येत नाही. फार घट्ट केली, तर तोच बाहेर राहतो. कोणाला वाट द्यायची, हे तो येण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पण कणांना चाळणारे यंत्र माणसाच्या इच्छेला चाळीत नाही. अमेरिकेतील बर्कली प्रयोगशाळेने 1999 मध्ये 118 व्या मूलद्रव्याचा दावा केला आणि 2002 मध्ये तो निबंध मागे घेतला. मूळ नोंदींत त्या घटना आढळल्याच नाहीत. तो दोष विलगकाचा नव्हता. दावा खोटा ठरला, तोही मूळ नोंदी टाकून दिल्या नव्हत्या म्हणूनच.

रिकेनच्या पहिल्या दोन अणूंनी आंतरराष्ट्रीय परीक्षकांचे समाधान झाले नव्हते. चमूने तिसऱ्याची वाट पाहिली. त्याची क्षयमालिका परिचित केंद्रकांपर्यंत स्पष्टपणे पोहोचली, आणि 2015 च्या अखेरीस दावा मान्य झाला.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे: टाकण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, जो नियम आधी ठरवितो, मूळ नोंद जपतो आणि हाती काही न लागल्यास तसे सांगण्याची तयारी ठेवतो. घराण्याचा इतिहास लिहिताना, संस्थेचे दप्तर चाळताना आपण हे पाळतो काय?