सत्तरीनंतरची केमो

पहाटे रामकुंडाकडे निघालेले सत्तरी-पंचाहत्तरीचे कितीतरी जण नाशिकच्या पंचवटीत दिसतात. त्यांच्यातल्याच एखाद्या आजोबांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ ऑपरेशनने पूर्ण निघते, पण लगतच्या लसिकाग्रंथींतही आजार पोचल्याचं रिपोर्टात येतं. म्हणजे तिसरा टप्पा. डॉक्टर केमो सुचवतात आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "आता या वयात कशाला?"

यामागची माया खरी आहे. तरीही आधी हे पाहू की ही केमो कशासाठी असते. गाठ तर गेली. ही असते स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या, कुठेतरी उरल्या असतील अशा पेशींसाठी. काहीजण नुसत्या ऑपरेशननेच बरे झालेले असतात, काहींचा आजार औषधानंतरही परततो. या दोहोंमधल्यांना औषध वाचवतं. आपले आजोबा कुठल्या गटातले, ते आधी खात्रीने सांगता येत नाही. 2001 साली सात चाचण्यांतल्या 3,351 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पाच वर्षांनी शंभरातले 64 नुसत्या ऑपरेशनवर हयात होते, फ्लुरोयुरॅसिल या जुन्या औषधाच्या जोडीने 71. सत्तरीपुढच्यांनाही तरुणांइतकाच फायदा झाला होता. अर्थात चाचण्यांत बहुधा धडधाकट ज्येष्ठच येतात, हे विसरू नये.

ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. 2004 पासून ते जोडीला दिलं जाऊ लागलं. तरुणांना त्याने आणखी फायदा झाला, सत्तरीपुढे तो स्पष्ट दिसला नाही. शिवाय त्याचा मारा नसांवर. गार पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि नाशिकच्या जानेवारीत नळाचं पाणीही गारच. पुढे तळपाय बधिर होतात, कधीकधी वर्षानुवर्षं तसेच राहतात. घाटाच्या ओल्या पायरीवर पाऊल टेकलं की नाही हेच कळेना, तर पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं किती जवळ आलं! म्हणून एकाच माणसाच्या बाबतीत एका औषधाला हो आणि दुसऱ्याला नाही, असं उत्तर असू शकतं. मला ते बरेचदा शहाणपणाचं वाटतं.

फ्लुरोयुरॅसिलऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घेता येतात, पण सोप्या समजू नयेत. मूत्रपिंडाचं काम पाहून मात्रा ठरते. जुलाब वाढले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं लागतं. म्हातारी माणसं नेमकं हेच लपवतात, "कशाला त्रास द्यायचा" म्हणून.

म्हणून जन्मतारखेपेक्षा इतर चौकशी मोलाची: चालतात किती, वर्षभरात पडले का, वजन उतरलं का, विसरतात का, इतर गोळ्या कोणत्या, घरी सोबत कोण. परळच्या टाटा रुग्णालयात ज्येष्ठ रुग्णांसाठी अशा तपासणीचं वेगळं क्लिनिक आहे. आजार परतायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. हृदय किंवा फुप्फुसं इतकी थकली असतील की तेवढा काळही अवघड, तर केमो नको म्हणणं योग्यच.

सहसा ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत केमो सुरू करतात. एवढ्या दिवसांत मुलं, सुना, जावई सगळे बोलतात. आजोबांना मात्र कुणी विचारत नाही, कित्येकदा तर आजाराचं नावही सांगत नाही. पायांतली जाणीव आणि आजार न परतण्याची वाढलेली शक्यता, यांतलं काय त्यांना जास्त प्यारं, हे तेच सांगू शकतात.