नाकातल्या नळीपाशी थोडं थांबून

वाचता वाचता एका नाकपुडीवर बोट ठेवा. आत किती जागा आहे, त्याचा अंदाज घ्या. घाई नाही. आता असं मनात आणा, की पाचेक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी इथून आत गेली आहे, घशाच्या मागच्या भिंतीला टेकून खाली उतरली आहे आणि जठरात पोचली आहे. श्वास याच नाकानं घ्यायचा आहे. लाळही गिळायची आहे; ती आपण दर मिनिटा-दोन मिनिटांनी नकळत गिळत असतो. एकदा गिळा. मग घशात काहीतरी घासतंय असं धरून पुन्हा गिळा.

पक्षाघातानंतर गिळणं गेलेले आजोबा, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला चाळिशीतला कर्ता माणूस... यांच्या नाकात ही नळी आठवडेच्या आठवडे राहते. दवाखान्यात तिला रायल्स ट्यूब म्हणतात. जॉन राईल हे ब्रिटिश डॉक्टर. 1921 च्या सुमारास त्यांनी ही नळी पुढे आणली ती जठरातला रस थोडा थोडा काढून तपासण्यासाठी. काम झालं की नळी बाहेर, असा तिचा मूळ बेत. आपल्याकडे मात्र तीच नळी डिस्चार्जच्या कागदांबरोबर घरी येते आणि माणसाचं जेवण होते.

या नळीचं नेहमीचं प्लॅस्टिक जठरातल्या आम्लात काही दिवसांतच कडक होऊ लागतं. पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची नळी मऊ असते, जवळजवळ निम्म्या जाडीची मिळते आणि कितीतरी जास्त दिवस टिकते. मग सगळ्यांना तीच का घालत नाहीत? त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. तिथं जाऊन जरा उभं राहू.

सून वरण-भात शिजवून घेते, त्यात दुधी भोपळा, चमचाभर तूप. मिक्सरमध्ये दोनदा फिरवते. मग चहाच्या गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलीतून. थेंब अंगठा आणि बोट यांच्यात घेऊन चोळून बघते. डाळीचं एक साल, शिताचा एवढासा कण राहिला तरी बारीक नळी तुंबते. मग कोमट पाणी, पुन्हा कोमट पाणी, आणि तरीही मोकळी झाली नाही तर रिक्षा करून दवाखाना, नवी नळी, पुन्हा तोच घसा. डब्यातली तयार पावडर बारीक नळीतून सहज जाते, पण ती महिनोन्‌महिने विकत घेणं किती घरांना झेपणार? म्हणून जाड नळी. घराच्या खर्चाची झळ अशी रुग्णाच्या नाकाला बसते. मला यात फार मोठं काम पडलेलं दिसतं. घरातली पेज, सत्त्व, वरण न तुंबता वाहून नेईल आणि तरी नाकाला सोसेल, अशी नळी घडवणं हा चांगल्या अभियंत्यानं आयुष्यातली काही वर्षं द्यावीत असा प्रश्न आहे.

आता हात. एक हात खांद्याच्या वर उचला आणि पुढचा परिच्छेद संपेपर्यंत तसाच धरून ठेवा.

दट्ट्या काढलेली 50 मिलीची सिरिंज नळीला जोडून अशीच उंच धरावी लागते. हात वर गेला की वेग वाढतो, पोटात कळ येते, मळमळतं. खाली आला की धार थांबते. आजोबांची पाठ उशांना टेकवून उंच केलेली, कारण आडवं झोपवून फीड दिलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. एका वेळचे 200-250 मिली, सावकाश, मग नळी धुवायला पाणी. दोन-तीन तासांनी पुन्हा. शेजारच्या खोलीत फोडणी पडते, तिचा वास आजोबांच्या नाकापर्यंत येतो. नळी असली तरी वास येतोच. कुणी काही बोलत नाही.

हात खाली घ्या. खांदा काय म्हणतोय ते ऐका. टांगायची फीडिंग बॅग बाजारात आहे, पण तिचे कोपरे नीट धुतले जात नाहीत आणि दुधाचा वास आत बसून राहतो. मोठ्या तोंडाची, भांड्यासारखी घासता येणारी, वेग ठरवायला एक चाक असलेली आणि खिडकीच्या गजाला अडकवता येणारी बाटली. मागणी एवढीच.

आणखी थोडं पुढे जाऊ. काहींचं आतडंच कामाचं राहत नाही. त्यांना पोषण शिरेतून द्यावं लागतं. 1970 मध्ये टोरांटोला ज्यूडी टेलर या तरुण आईचं आतडं काढून टाकावं लागलं. डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी तिला शिरेतून पोषण सुरू केलं आणि ते घेत ती घरी गेली. त्यानंतर सुमारे वीस वर्षं जगली. असं पोषण बहुधा रात्रीच, दहा-बारा तास चालतं. त्या रात्रीचा विचार करा. पंप गुरगुरतो. नळीत हवेचा बुडबुडा आला की अलार्म होतो, जोडीदार दचकून उठतो. लघवीला जायचं तर स्टँड ढकलत. पाठीवर घ्यायच्या पिशवीतला छोटा पंप आला तेव्हा सुटला तो या स्टँडचा पाश. अमेरिकेत 1983 मध्ये ओली फाउंडेशन आणि ब्रिटनमध्ये 1987 मध्ये पिंट या संस्था उभ्या राहिल्या, त्यामुळे घरी असं पोषण घेणाऱ्यांना एकमेकांशी आणि उपकरणं बनवणाऱ्यांशी बोलायला जागा मिळाली. पिशवीचं वजन किती, अलार्म किती कर्कश, बटण अंधारात सापडतं का, हे ज्याच्या उशाशी पंप आहे त्यालाच माहीत असतं.

काही सुधारणा दिसायला अगदी साध्या. पोटातून जठरात नळी घालायची पेगची पद्धत 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे नाक सुटलं, पण पोटावर हातभर नळी लोंबू लागली. 1984 मध्ये डॉ. गॉडरर यांनी त्वचेलगत बसणारं बटण मांडलं. फीडच्या वेळीच त्याला नळी जोडायची. त्यावर शाळेचा गणवेश चढवता येतो, पालथं झोपता येतं. दुसरी सुधारणा जोडाची. अन्नाची नळी चुकून शिरेच्या सलाईनला जोडली गेली तर माणूस जाऊ शकतो, आणि तशी माणसं गेलीही आहेत. म्हणून 2016 च्या आंतरराष्ट्रीय मानकात अन्नाच्या नळीचा जोड असा ठरवला, की तो शिरेच्या नळीत बसतच नाही. दमलेल्या माणसाच्या सावधपणावर जीव टांगून ठेवायचा नाही, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. घरात रात्री दोन वाजता फीड देणाऱ्या मावशींसाठी, मुलासाठी, बायकोसाठी याचं मोल मोठं आहे.

आता तुमच्या ओळखीतलं असं एक घर आठवा. पुढच्या भेटीत तब्येत विचारून झाली की जरा बसा. नळी कुठे काचते, चिकटपट्टीखालची कातडी कशी आहे, काय तुंबतं, रात्री कोण उठतं, ते विचारा. रुग्णाला बोलता येत नसेल तर पाटी द्या आणि थांबा. जे कळेल ते तारखेसकट कागदावर लिहून घ्या, आणि पुढच्या तपासणीला तो कागद नळी बदलणाऱ्या सिस्टरांच्या हातात द्या.