पुलावरची पिशवी

राखोली गावाजवळून दमणगंगा वाहते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम, वाटेत मधुबन धरण, पुढे सिल्वासा आणि दमणपाशी अरबी समुद्र. म्हणजे राखोलीच्या पुलावरून सोडलेली निर्माल्याची पिशवी मध्ये कुठे अडकली नाही, तर थेट दमणच्या मासेमाराच्या जाळ्यात. फुलं कुजतात, पिशवी कुजत नाही. आणि ती टाकताना आपण वर हात जोडतो!

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे. पण बंदीने हाताचं वळण लगेच बदलत नाही. संत गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू, कीर्तन रात्री. हा क्रम मला त्यांच्या कीर्तनाइतकाच मोलाचा वाटतो.

आपणही आधी कृतीने सुरुवात करू. कापडी पिशवी कपाटात ठेवली, तर ती बाजारात पोचल्यावर आठवते. दाराशी, चपलांच्या वरच्या खिळ्याला टांगा. निघतानाच हाती येईल. निर्माल्यासाठी परसात खड्डा, नाहीतर गॅलरीत भोकं पाडलेली जुनी बादली. थोडी माती, थोडा सुका पाला. हारातला दोरा मात्र आधी काढा, तो नायलॉनचा असेल तर तसाच राहतो. काही महिन्यांत तुळशीपुरतं खत तयार होतं.