पंधरा दिवसांपूर्वीच्या आजी

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीत कॅज्युअल्टी म्हटले की आधी एक्स्प्रेसवेवरचा अपघात डोळ्यांसमोर येतो. रक्त, आरडाओरडा, धावपळ. त्याच वेळी कोपऱ्यातल्या बाकावर खालापूरच्या एखाद्या वाडीवरून आणलेल्या आजी निमूट बसलेल्या असू शकतात. ताप नाही, छातीत दुखत नाही. दोन दिवस जेवल्या नाहीत आणि असंबद्ध बोलतात, एवढेच मुलगा सांगतो. म्हातारपणी न्यूमोनिया तापावाचून येऊ शकतो, हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येता. म्हणून 'वयोमानाने होतं असं' हे कॅज्युअल्टीतले फार घातक वाक्य आहे.

डॉक्टर ज्याला फ्रेल्टी म्हणतात, ती म्हणजे नुसते वय नव्हे. शरीराची राखीव ताकद आटलेली असते आणि लघवीतला साधा जंतुसंसर्गही माणसाला अंथरुणाला खिळवतो. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतल्या तीन दिसल्या की माणूस फ्रेल. कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने २००५ मध्ये आणलेली मोजपट्टी कॅज्युअल्टीत अधिक सोयीची ठरली. आज तिच्यात १ ते ९ असे टप्पे आहेत. तिचा एक नियम मोलाचा आहे: आज समोर दिसते ती अवस्था मोजायची नाही, साधारण पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस कसा होता ते विचारायचे. आजी स्वतः आंघोळ करत होत्या का? घराबाहेर पडत होत्या का?

या नियमात आजार आणि माणूस वेगळे पाहण्याचा आग्रह आहे. म्हातारपणाकडे असे डोळसपणे पाहणे आपल्याला परके नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख पाहणे हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी म्हातारपणाचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. तिथे ज्ञानी माणूस तारुण्यातच स्वतःची जरा पाहतो, म्हणजे वेळीच सावध होतो. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला मात्र दुसऱ्याची जरा पाहायची असते, आणि इथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. हे पाहणे कशासाठी? अधिक जपण्यासाठी, की बाजूला सारण्यासाठी?

हा प्रश्न पुस्तकी नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या लाटेत ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने अतिदक्षता विभागाचा निर्णय घेताना हीच मोजपट्टी वापरायला सांगितली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला, कारण आयुष्यभर इतरांची मदत घेणारा तरुण या पट्टीवर अतिशय फ्रेल ठरत होता. काही दिवसांतच सूचना बदलावी लागली.

शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला, वयाच्या ८७ व्या वर्षी, आजारपणात अन्न आणि औषध दोन्ही सोडले. तो त्यांचा निर्णय होता. बाकावरच्या आजींसाठी तसा निर्णय एखाद्या आकड्याने घेणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. आकडा ६ असेल तर भूल, शस्त्रक्रिया, नळ्या यांनी काय सोसावे लागेल हे आजींशी आणि घरच्यांशी बोलायला हवे. उपचार नाकारायला तो आकडा पुरेसा नाही.

शिवाय मोजपट्टी इथल्या घरांत चुकू शकते. बाजारहाट आणि पैशांचे व्यवहार मुलगा करतो म्हणून आई परावलंबी ठरत नाही. ठाकूरवाडीतल्या सडपातळ बाईकडे पाहून ती खंगली आहे असे वाटेल, पण महिन्यापूर्वी ती डोंगरावरून लाकडाची मोळी उतरवत असेल. तिचे आधार कार्डावरचे वयही अंदाजाने टाकलेले असू शकते. सोबत कोण आले आहे, ते रुग्णाबरोबर राहतात का, हे विचारल्याशिवाय आकडा लिहिणे हा अन्याय आहे.

गंभीर रुग्णाला इथून पुष्कळदा पनवेल किंवा नवी मुंबईला हलवावे लागते. तिथल्या डॉक्टरांना दिसते ती फक्त ग्लानीत पडलेली म्हातारी. म्हणून १०८ च्या गाडीत बसवण्याआधी केसपेपरवर दोन ओळी हव्यात: पंधरा दिवसांपूर्वी आजी किती चालत होत्या, आणि शुद्धीत असताना त्यांनी स्वतःसाठी काय मागितले.